किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात होती

बालाजी, माणूस असा जातो होय बे?

हातात रबराची पट्टी, खिशात तंबाखूची पुडी, डोक्याला तो तुझा कळकट रुमाल. बंधाऱ्याच्या सात गाळ्यांत बर्गे बसले होते. आठव्यात फळी सोडायची म्हणून तू दोराला हात घातलास, "रहीमभाई, जरा पाणी द्या" म्हणालास आणि उरलेल्या फळ्यांच्या थप्पीवर बसलास. चौकीदार रहीमभाई बाटली घेऊन वळेपर्यंत संपलं होतं. पंचेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, आणि एवढ्या वेळात? मी ऑफिसात एका फायलीवर सही करत होतो. रहीमभाईंचा फोन आला, "साहेब, बालाजीसाहेब उठंनात." मी म्हणालो, "उठंनात म्हणजे? कामावर झोपलाय का काय तो?" शप्पथ सांगतो, असंच म्हणालो, वर चिडून म्हणालो. तू गेल्यावर तुझ्याबद्दल मी काढलेले पहिले शब्द हे आहेत.

काल तुझा दहावा झाला. अजून मला हे खरं वाटत नाही. सकाळी उठलो की आधी फोन बघतो. रोज सहा वाजता तुझा तो गुलाबाच्या फुलाचा फोटो यायचा, "सुप्रभात" लिहिलेला, आणि मी दर वेळी वैतागायचो. वैशाली म्हणायची, "अहो, प्रेमानं पाठवतात भावजी." मी म्हणायचो, "त्याला दुसरं काम नाही." दहा दिवस झाले, गुलाब नाही. आज सकाळी मीच तुझ्या नंबरवर एक फूल पाठवलं. वेड लागलंय मला, दुसरं काय.

लोक येतात, हात जोडतात, "लई चांगला माणूस होता" म्हणतात. मला राग येतो. चांगला माणूस काय? किती भांडायचास तू! पंगतीत भांडायचास, साईटवर भांडायचास. मी तुझा वरिष्ठ झालो तरी फरक पडला नाही. ऑफिसात सगळ्यांसमोर "साहेब" म्हणायचास आणि जिन्यात गाठून "काय बे दिग्या, हे काय नकाशे काढलेत का रांगोळी?" म्हणायचास.

आपलं सगळ्यात जुनं भांडण एकच. नशिबाचं. ते सुरू कधी झालं माहीत आहे ना? पॉलिटेक्निकच्या रांगेत. दहावीचा निकाल हातात, बाहेर ऊन मरणाचं, आणि माझ्याकडं पेन नव्हता. पुढं तू उभा होतास. मी पेन मागितला. तू म्हणालास, "माझा भरून झाल्यावर देतो." मग मला काय भरायचं ते कळेना, म्हणून मी तुझा अर्ज समोर ठेवून उतरवून काढला. शाखेचा पहिला पर्याय तुझा स्थापत्य, म्हणून माझाही स्थापत्य. खरं तर मला मेकॅनिकलला जायचं होतं. मामाचं गॅरेज होतं परळीला. उतरवता उतरवता मी तालुकाही तुझाच लिहिला, केज. खिडकीतला कारकून ओरडला, "परळीचा दाखला आणि केजचा तालुका? पोरा, तू आहेस कुठला?" तू हसून हसून खाली बसलास. त्या दिवशी पेन माझ्या खिशात असता तर आज मी कुठंतरी इंजिनं खोलत बसलो असतो. हे मी तुला शंभर वेळा सांगितलं. "बघ, नशीब!" आणि तू शंभर वेळा म्हणालास, "कसलं नशीब बे? तू पेन मागितला, मी दिला. दोन माणसांनी काहीतरी केलं म्हणून झालं. आपोआप काय झालं त्यात?"

आपोआप काही होत नाही, हे तुझं पालुपद. पुराच्या हिशोबातसुद्धा तू तेच आणायचास. मी म्हणायचो, पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर धरून आपण भिंत बांधतो, म्हणजे पुढं सगळं दैवावरच सोडतो की. तू म्हणायचास, "पन्नास वर्षांतून एकदा म्हणजे उद्याबी येऊ शकतो, एवढंच लक्षात ठेव. मग दैवाचं नाव घ्यायची गरज न्हाई." हे तू म्हणायचास. तू, ज्याच्या नोकरीवर तो उद्याचा पूर येऊन गेला होता.

आता तेच बोलायचं आहे, बालाजी. चौदा वर्षं बोललो नाही.

तुझी पल्लवी हे कधीतरी वाचेल, उद्या तिची पोरंबाळंही वाचतील, म्हणून आधी नीट सांगतो. आपला बंधारा म्हणजे नदीत उभे केलेले दगडी खांब आणि त्यांच्यामधले मोकळे गाळे. पावसाळाभर गाळे उघडे ठेवायचे, पूर जाऊ द्यायचा. पाऊस सरला की त्या गाळ्यांत लोखंडी फळ्या बसवायच्या, त्यांना आपण बर्गे म्हणतो, आणि मागं पाणी अडवायचं. सगळा खेळ ते कधी टाकायचे याचा. उशीर केला तर पाणी वाहून जातं, रब्बीला थेंब उरत नाही आणि गावं वर्षभर आपल्या नावानं बोटं मोडतात. घाई केली आणि परतीचा पाऊस मागून धो धो आला, तर अडलेलं पाणी बाजूचा मातीचा भराव फोडून रानात घुसतं. एकदा दाब आला की फळ्या हत्ती लावला तरी निघत नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी वरून हुकूम आला, सगळ्या बंधाऱ्यांवर एकाच दिवशी बर्गे टाका. आपण दोघंही तेव्हा शाखा अभियंते. माझा बंधारा वर, तुझा खाली, मधे आठ किलोमीटर. आभाळ स्वच्छ, पावसाचा मागमूस नाही. तू सकाळी सातला माणसं घेऊन नदीत उतरलास आणि संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा गाळे बंद केलेस. रबरं तपासून, फटी बुजवून. तुझं काम म्हणजे तुझं काम. माझ्या बंधाऱ्यावर एक फळी पडली नाही. त्याच दिवशी अंधार पडल्यावर वरच्या डोंगरात पाऊस कोसळला, आणि सकाळी तुझ्या बंधाऱ्याचा डावा भराव नव्हता. सात-आठ एकर काळी माती गेली. माझ्या बंधाऱ्याच्या उघड्या गाळ्यांतून पूर सरळ निघून गेला, मला ओरखडा नाही.

दुपारी कार्यकारी अभियंता आले. तुझ्या फुटक्या भरावावर आपण सगळे चिखलात उभे होतो. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही का नाही टाकले बर्गे?" आणि मी म्हणालो, "साहेब, आभाळ बरोबर वाटलं नाही. म्हणून थांबलो."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. तू माझ्यापासून दोन हातांवर उभा होतास. गुडघ्यापर्यंत चिखल. तू माझ्याकडं बघितलंस आणि मग नदीकडं बघायला लागलास.

खरं काय ते आता लिहितो. त्या दिवशी मी मुलगी बघायला गेलतो. आधीच्या तिघींनी नकार दिला होता, चौथीनंही दिला तर परत तुमच्यासमोर तोंड दाखवायला नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही. बर्गे भंगारात विकायला चोरीला जातात म्हणून आपण शेडला कुलूप लावतो, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याकडं असायची. मी ठरवलं होतं, सकाळी जाताना किल्ली रहीमभाईंकडं टाकायची आणि पुढं जायचं. पण आईनं ऐन वेळी इस्त्रीची पँट काढून दिली, मी घाईत पँट बदलली आणि किल्ली राहिली जुन्या पँटच्या खिशात, खुंटीवर. अर्ध्या वाटेत आठवलं. मागं फिरलो तर मुहूर्ताची वेळ जात होती. म्हटलं, एक दिवसानं काय होतंय? मोबाईल बंद करून टाकला, पोहे खाताना वाजायला नको. माझी आठ माणसं दिवसभर बंद शेडसमोर बसून राहिली. वैशालीनं होकार दिला. आणि माझा बंधारा वाचला.

आभाळ! मी त्या दिवशी आभाळाकडं मान वर करूनसुद्धा बघितलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. तुझी विभागीय चौकशी लागली. मला शाबासकीचं पत्र आलं. गावोगावी बोभाटा झाला, दिगंबर साहेबाला आभाळ कळतं. दुसऱ्या तालुक्यांतले अभियंते फोन करून विचारायचे, "साहेब, टाकायचे का?" मी इकडं तिकडं बघून, हवामानाचा अंदाज वाचून, काहीतरी सांगायचो, आणि बरोबरही यायचं, कारण दहा वर्षांत नऊ वर्षं परतीचा पाऊस तसा येतच नाही. त्या नावावर मी उपअभियंता झालो. तू शाखा अभियंताच राहिलास. माझ्या हाताखाली. बर्गे टाकायचा तुझा हुकूम माझ्या सहीनं निघायचा. हा शेवटचासुद्धा.

म्हणून मी तुझ्याशी नशिबावरून भांडायचो, कळलं का? "माझ्या आयुष्यात सगळं नशीब हाय" असं म्हटलं की मला वाटायचं, अर्धं तरी खरं सांगितलं. आणि तू ते अर्धंही मानायचा नाहीस. कपिलधारला आपण दोन्ही घरं गेलतो, पोरं पाण्यात खेळत होती, तेव्हा मी अगदी ओठापर्यंत आणलं होतं. म्हणालो, "बालाजी, त्या वर्षी माझं नुसतं नशीब होतं बरं का." तू कणीस खात होतास. म्हणालास, "परत सुरू केलंस का? खा गप." मी गप खाल्लं. चौकशीचा निकाल लागला त्या दिवशीही मी तुझ्या दारात आलो होतो. सुमनवहिनींनी चहा दिला, तू पल्लवीला पाढे म्हणून घेत होतास. मी चहा पिऊन परत आलो. भित्रा आहे मी. लिहूनच टाकतो.

सावडायच्या दिवशी रहीमभाई माझ्याजवळ येऊन बसले. तेव्हा ते माझ्या बंधाऱ्यावरचे चौकीदार होते, नंतर बदली होऊन तुझ्याकडं आले आणि तुझेच झाले. म्हातारा रडून रडून सुजला होता. म्हणाले, "साहेब, एक बात दिल में ठेवलेली हाय. बालाजीसाहेबांनी कसम घातलती. पण आता ते न्हाईत, आता कुणाची कसम पाळू?"

मला वाटलं, तुझ्या तब्येतीचं काही असेल.

ते म्हणाले, "त्या साली तुमी आला न्हाईत. कुलूप बंद. तुमचा फोन बंद. मंग दुपारी मी सायकल काढली अन् खालच्या बंधाऱ्यावर गेलो. म्हणलं, बालाजीसाहेबांकडं दुसरी किल्ली असंल. ते पाण्यात उभे हुते. म्हणले, किल्ली न्हाई. म्हणले, माणसांना घरी धाडा अन् कुणाला काय बोलू नका, उगं दिग्याला नोटीस निघंल. सकाळी मी सवता तुमच्याकडं येऊन बर्गे टाकून देतो. त्याचं काय तरी अडलं असंल."

मी विचारलं, "आणि चौकशीत?"

"चौकशीत मी भाईर बसलेलो. दार उघडं हुतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, वरचा इंजिनिअर थांबला, तुम्ही कावून थांबला न्हाईत? बालाजीसाहेब म्हणले, त्याला अंदाज आला, मला न्हाई आला."

बालाजी, मी तिथंच राखेजवळ डोकं गुडघ्यांत घातलं. लोकांना वाटलं मला चक्कर आली. पाणी आणलं कुणीतरी. मला पाणी नको होतं. मला तुला धरून गदागदा हलवायचं होतं. अरे, तू त्या चिखलात उभा राहून माझं ते वाक्य ऐकलंस तेव्हा तुला माहीत होतं? चौदा वर्षं मी तुझ्यासमोर आभाळ बघायचं नाटक केलं आणि तुला माहीत होतं? एक शब्द, "शेडला कुलूप होतं," एवढं म्हणाला असतास तर दोघांवर नोटीस आली असती. थोडी तुला, थोडी मला. सगळी तू का घेतलीस? कावून बे? मला शिव्या द्यायच्या होत्यास. जिन्यात गाठून एक कानाखाली द्यायची होतीस. चौदा वर्षं मी ज्याला नशीब नशीब म्हणत होतो, त्याला तू का मानत नव्हतास, ते मला राखेशी बसून कळलं. तुला ठाऊक होतं की आपोआप काही झालेलं नाही. कुणीतरी केलं म्हणून झालं.

आणि तुझा तो शेवटचा फोन. कॉलेजनं मला बोलावलंय, शेवटच्या वर्षाच्या पोरांपुढं करिअर कसं घडलं यावर बोलायला. मी तुला म्हणालो, "काय सांगू त्यांना? नशीब म्हणून सांगतो." तू म्हणालास, "नशीब सांगू नको. पोरं हातपाय गाळून बसतील." मी म्हणालो, "मग काय सांगू?" तू म्हणालास, "खरं सांग." मी म्हणालो, "बरं, बरं, मीटिंग हाय, संध्याकाळी बोलू." मीटिंग नव्हती. संध्याकाळी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तू थप्पीवर बसलास.

काल दहाव्यानंतर पल्लवी म्हणाली, "काका, मला ती जागा बघायची." स्थापत्यच्या दुसऱ्या वर्षाला आहे पोरगी, तुझ्यासारखीच चालते, हात मागं बांधून. मी घेऊन गेलो. सात गाळे बंद, सात उघडे. फळ्यांची थप्पी तशीच. मजूर बसलेले. मला बघून मुकादम उठला आणि आभाळाकडं बोट करून म्हणाला, "साहेब, उगवतीला जरा काळं दिसतंय. राहिलेले टाकायचे का?" सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आभाळ कळणारा साहेब!

आणि पल्लवी म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, काकाकडून आभाळ बघायला शीक. म्हणायचे, माझं तिथंच चुकलं."

बालाजी, हे तू स्वतःच्या पोरीला सांगितलंस? स्वतःचं चुकलं म्हणून?

मी तिला थप्पीजवळ नेलं आणि सगळं सांगितलं. पँट, खुंटी, पोहे, बंद फोन, चिखलातलं वाक्य. रहीमभाईंचंही सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, "हे तुम्ही बाबांना कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

"चौदा वर्षांत?"

ती त्या सात बंद गाळ्यांकडं वळली. फळ्या तू बसवलेल्या. एक थेंब पाझरत नव्हता. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "म्हणजे बाबांचं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं. हुकूम होता, आभाळ स्वच्छ होतं, काम चोख होतं. मी असतो आणि किल्ली असती तर मीही तेच केलं असतं आणि माझाही भराव गेला असता. तुझ्या बापाचं काहीही चुकलं नव्हतं."

तेव्हा ती रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा, सुमनवहिनी सांगत होत्या. मी खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तिनं तो झटकला. परत येताना गाडीत मागं बसली, एक अक्षर बोलली नाही. बरोबर आहे तिचं. बोलू नये तिनं.

मुकादमाला मी सांगितलं, "मला आभाळातलं काही कळत नाही. बालाजीसाहेब असते तर काय केलं असतं, ते रहीमभाईंना विचारा." रहीमभाई म्हणाले, "दोन दिस थांबू." थांबलोय.

सोमवारी कॉलेजला जाणार आहे. पोरांना किल्लीचं सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. वैशालीला आज सकाळी सांगितलं, ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आहे. साहेबांना त्या शाबासकीच्या पत्राबद्दल अर्ज लिहिलाय, टेबलावर आहे. या सगळ्याचा तुला आता काय उपयोग, ते मला माहीत नाही.

पण एक गोष्ट राहिली. पोरीला सांगितली, ऑफिसाला लिहिली, तुला सांगितली नाही. त्या चिखलात, दोन हातांवरून, तेव्हाच म्हणायला पाहिजे होती.

तुझं बरोबर होतं, बालाजी. बर्गे तू वेळेवर टाकले होतेस.